वितालियानो काकांचा पत्ता

दर डिसेंबरात एक पेपर देशातल्या सगळ्या जिल्ह्यांची यादी छापतो. कुठं जगणं किती चांगलं, त्याची. आमचा जिल्हा सापडायला सोपा. यादी खालून वाचायला घ्यायची. मागच्या खेपेला आम्ही शेवटून दुसरे आलो, तेव्हा चौकातल्या बारमध्ये वितालियानो काकांनी सगळ्यांना कॉफी पाजली. म्हणाले, "एकाला तरी मागं टाकलं की नाही?"

काका बहात्तरचे. जंगलखात्यात मजुरी करून निवृत्त झालेले. इटलीच्या दक्षिण टोकाला, आमच्या कालाब्रियाच्या डोंगरात झाडांपेक्षा वनमजूर जास्त, असं उत्तरेकडचे लोक हसून म्हणतात. काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मग? झाडांना सोबत नको?" बायको कोंचेत्ता चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी सेराफिना उत्तरेत बेर्गामोला असते, एका गोदामात खोकी भरते.

यादी आली की सेराफिनाचा फोन यायचा. काका तो बारमधल्या टेबलावर मोठ्या आवाजात लावायचे, म्हणजे आम्हा सगळ्यांची करमणूक.

"बाबा, आता बास झालं. या इकडं."

"तिथं कॉफी कितीला झाली?"

"दीड युरो. कॉफीचं काय घेऊन बसलात?"

"इथं एक. आणि भाडं?"

"भाड्याचं नका विचारू. अर्धा पगार त्यातच जातो."

"बघ. माझं घर बापाचं. अंजीर झाडावर, अंडी शेजारणीची. मी राजा आहे इथं."

"आणि राजाला डोळ्याच्या डॉक्टरची तारीख कधीची मिळाली?"

इथं काकांनी फोन उचलून कानाला लावला. तारीख चौदा महिन्यांनंतरची होती. दवाखाना पासष्ट किलोमीटरवर. तिकडं जायला दिवसातून एकच बस, आणि परतीची बस डॉक्टर यायच्या आधी सुटते.

मी गावच्या कचेरीत रहिवाशांच्या नोंदी ठेवतो. कागदावर गाव सहाशे चाळीस माणसांचं. त्यातली दोनएकशे उत्तरेत राहतात, पण नाव इथंच ठेवून आहेत. गावावरच्या प्रेमापोटी नव्हे; नाव हललं की इथलं रिकामं घर दुसरं घर ठरतं आणि त्यावर कर लागतो. काका मला चिडवायचे, "कोझिमो, तुझ्या रजिस्टरापेक्षा आपलं कब्रस्तान खरं. तिथं ज्याचं नाव, तो निदान आत तरी असतो."

ऑगस्टात टोमॅटोचा दिवस ठरला. वर्षभराचा रस बाटल्यांत भरायचा, काकांसाठी आणि सेराफिनासाठी. सेराफिना येणार होती, आणि जाताना बापाला घेऊन जाणार होती. आदल्या आठवड्यात तिनं विमानाचं तिकीट पाहिलं आणि जमत नाही म्हणून फोन केला. तेवढ्या पैशात लंडन झालं असतं. इथं जगणं स्वस्त आहे हे खरंच, पण ऑगस्टात इथं येणं भल्याभल्यांना परवडत नाही.

टोमॅटो मात्र येऊन पडले होते, आठ पेट्या. ते काही कुणाच्या तिकिटासाठी थांबत नाहीत. मग मी गेलो, आणि शेजारच्या एर्मेलिंदा मावशी आल्या. अंडीवाल्या त्याच.

बिअरच्या रिकाम्या बाटल्या काका वर्षभर जमवतात. धुतलेली प्रत्येक बाटली उजेडात धरून तडा बघायचा, हे त्यांचं काम. त्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पास झालेल्या बाटलीत तुळशीसारखं ते बासिलचं एक पान, वर रस, वर झाकण. मग तेलाच्या जुन्या पिंपात चिंध्या घालून बाटल्या रचायच्या, पाणी भरायचं आणि खाली जाळ.

"अहो वितालियानो, बाटली बघताय की तिचा फोटो काढताय?"

"तोंडापेक्षा हात चालव, एर्मेलिंदा. झाकणं दे इकडं."

जेवण उरकून आम्ही पिंपाजवळ पेंगत होतो. आत धप्प असा आवाज झाला. एखादी फुटतेच. मग दुसरी. मग एकामागून एक.

"कुणाच्या लग्नाचे फटाके हे?" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी छातीवर क्रॉस काढला. पिंपातलं पाणी लाल होत चाललं होतं.

पिंप आपोआप निवल्याशिवाय उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. सकाळी उघडलं. एकशेवीस बाटल्यांतल्या एकोणसत्तर गेल्या होत्या.

"काचच हलकी," काका म्हणाले. "पूर्वीची काच राहिली नाही."

टेबलावर त्यांनी पास केलेली एक बाटली भरायची राहिली होती. मानेपासून पोटापर्यंत तडा. अंगणाच्या दारातून दिसावा असा. मी मावशींकडं पाहिलं. त्या उरलेली झाकणं गोळा करायला लागल्या. काकांनी बाटली हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा मधेच थांबला.

ते पेटीवर बसले. "कोझिमो, हा तडा इथून पार खालपर्यंत गेलाय ना?"

"हो काका."

"लांबून दिसतो?"

"दिसतो."

त्यांनी बाटली पायाशी ठेवली. मग म्हणाले, "दमलो रे. सगळं स्वस्त आहे इथं. पण त्यातल्या एकेका गोष्टीसाठी दिवस दिवस उभा राहिलोय मी."

"उठा आता," मावशी म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "ऊन चढतंय."

सोमवारी काका कचेरीत आले. खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. पत्ता बदलण्याचा अर्ज. सेराफिनानं मे महिन्यात भरून पाठवलेला.

"वाच," म्हणाले. "मला अक्षरं पळताना दिसतात."

मी वाचला. "काका, डोळ्याचं ऑपरेशन करून परत या ना. नाव कशाला हलवता? घरावर कर लागेल."

"एक डोळा झाला की दुसरा, मग साखर, मग गुडघा. तिकडच्या कायमच्या डॉक्टरला नाव तिकडचंच लागतं. सेराफिना म्हणते ते खरं, अर्धं इथं अर्धं तिकडं असं चालत नाही." मग जरा हसले. "आणि कर लागला तर लागू दे. मी झालो की रे दोन घरांवाला! सही कुठं?"

मी त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं. सही रेघेवरून सुरू झाली आणि उतारावरच्या गाडीसारखी थेट कागदाच्या काठापर्यंत गेली. कागद मीच बेर्गामोच्या कचेरीला पाठवला. नाव कमी करा, असं तिकडून दहा दिवसांनी आलं, तेही माझ्याच टेबलावर. काका तेव्हा गावात नव्हते. उरलेल्या एक्कावन्न बाटल्या घेऊन उत्तरेच्या मोठ्या बसनं गेले होते. मी सहाशे चाळीसचे सहाशे एकोणचाळीस केले आणि बारमध्ये गेलो.

नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. मी तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"इथं कॉफी एक साठ झाली रे."

"डोळ्याचं काय काका?"

"लख्ख दिसतंय. समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावरचं प्लास्टर दिसतं." मग म्हणाले, "आणखी काय बघायचं ते सापडलं की सांगतो."