पुलावर अडवलेली संत्री

अमेरिकेत श्रूजबरीला मुलाच्या घरी गेले त्या हिवाळ्यात मला काही कामच नव्हतं. मुलगा, सून ऑफिसला जायचे, नात शाळेत. स्वयंपाक मी सकाळीच उरकून टाकायची. दुपारी नातीची पिवळी बस कॉम्प्लेक्सच्या तोंडाशी थांबायची, तिला घ्यायला खाली जायचं, तेवढंच बाहेर पडणं.

तिथे दुसरी एक म्हातारी उभी असायची. माझ्याच वयाची, अंगाने जाड, डोक्याला काळा रुमाल, पायात पुरुषी बूट. तिची नात आणि माझी नात एकाच वर्गात होत्या. आम्ही दोघी बरेच दिवस नुसत्या माना हलवत होतो. इंग्रजी तिलाही माझ्याइतकंच येत होतं. हॅलो आणि कोल्ड.

एकदा मी कोटाच्या खिशात संत्रं घेऊन गेले होते. ते बाहेर काढलं तर तिने सरळ माझ्या हातातून घेतलं. मला वाटलं खाते की काय. तिने ते उलटं करून देठाची जागा पाहिली, अंगठ्याने हलकेच दाबली, तोंड वाकडं केलं आणि परत दिलं.

मी काटोलकडची. लग्न झाल्यापासून संत्र्याच्या बगीच्यात राबले. गिऱ्हाईक फळाचं पोट दाबतं, बगीचेवाला देठ बघतो. कात्रीने तोडलंय की ओढून काढलंय ते देठावर कळतं, आणि ओढलेलं फळ टिकत नाही. हे ह्या बाईला माहीत होतं. तेवढ्यात बस आली. मी नातीला म्हटलं, "हिला विचार, हिच्याकडे बगीचा आहे का."

नातीने तिच्या मैत्रिणीला इंग्रजीत विचारलं, मैत्रिणीने आजीला रशियन भाषेत. म्हातारी हातवारे करत बराच वेळ बोलली. ते सगळं परत फिरून माझ्याकडे आलं तेव्हा एवढंच उरलं होतं: "आजी, शी सेज येस. तिच्या सिस्टरचा आहे. ब्लॅक सीजवळ."

"इतकं बोलली ती, आणि एवढंच?"

"बाकीचं कॉम्प्लिकेटेड आहे."

पोरींचं भाषांतर हे असंच चालायचं. पण आमचं भागलं. थंडी फार असली की बस आल्यावर मी तिच्याकडे चहाला जायला लागले. ती काळा चहा करायची, दुधाशिवाय, सोबत मुरंबा. मी पहिल्या दिवशी घरून दूध नेलं तर ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं मी चहात वरण ओतलं.

ती कुठली, ते मला रात्री जेवताना मुलाने समजावलं. "आई, अबखाझिया म्हणून एक भाग आहे. जॉर्जियातून फुटलेला. अटलांटावाला जॉर्जिया नाही, रशियाच्या खालचा. मोठी लढाई झाली, वेगळे झाले. पण जगात कोणी त्यांना देश मानत नाही."

"मग खातात काय?"

"रशिया सपोर्ट करतो ना. रशियाचाच पैसा चालतो तिथे. रशियाचे टूरिस्ट येतात, संत्री रशियाला जातात. आता तर रशिया लोकांना आपले पासपोर्ट देतोय. पासपोर्ट घेतला की पेन्शनही रशियाची."

"म्हणजे सासऱ्याच्या दाण्यावर मांडलेली वेगळी चूल."

सून हसली. "आई, एका वाक्यात संपवलंत तुम्ही."

"इतकं सिंपल नाहीये ते," मुलगा म्हणाला.

नसेल. पण आमच्या गावात हे मी दोन-तीन घरांत पाहिलं होतं. धाकटा भावाशी भांडून वेगळा निघतो. थोरल्याने त्याला बडवलेलंही असतं, ते कोणी सांगत नाही. पदरात काही नाही, म्हणून सासरा पोतं पाठवतो, बैल पाठवतो. उपकारच असतो तो. मग एके वर्षी सासरा सांगतो की यंदा कापसाची पऱ्हाटी नको, तूर पेर. जावई पेरतो. न पेरून जातो कुठे?

म्हातारीच्या बहिणीची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळली. लढाईनंतर मोठ्या देशाने, म्हणजे रशियाने, सुरुवातीला काही सपोर्ट वगैरे केला नव्हता. उलट सीमेवरच्या नदीचा पूल आवळून धरला होता. कामाच्या वयाच्या पुरुषांना पलीकडे जायची बंदी. बायकांना जाता यायचं. मग बायका हातगाड्यांवर संत्री लादून पूल ओलांडायच्या, विकायच्या आणि पीठ, साखर घेऊन परत यायच्या. ही म्हातारी आणि तिची बहीण, दोघी मिळून एक गाडी ओढायच्या. एक पुढे, एक मागे. म्हातारीने मला स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून दाखवली होती की चढावर कसं करायचं. पुढे म्हातारीची मुलगी शिकायला म्हणून अमेरिकेत आली, इथलीच झाली, आणि आईला घेऊन आली. बहीण राहिली.

त्या पुलावरच्या दिवसांत बहिणीच्या नवऱ्याची छाती दुखायला लागली. पलीकडच्या गावात चांगला दवाखाना होता. पुलावरच्या शिपायाने त्याला पाहिलं, वय पाहिलं आणि मागे फिरवलं. बहीण गाडी ओढून पलीकडे जाऊ शकत होती, गाडीत नवरा घालून नाही. तो घरी मेला. त्यांच्याकडे आपल्याच जमिनीत पुरतात. त्याला बगीच्यात, झाडांच्या मधेच पुरलं.

आता तोच मोठा देश पासपोर्ट वाटत होता, आणि बहीण तो घ्यायला तयार नव्हती. आजूबाजूच्या सगळ्यांनी घेतला. त्यांना पेन्शन लागली, पूल मोकळा झाला. ही एकटी बाई पासष्टी उलटलेली, गुडघे गेलेले, संत्र्यावर जगत होती. म्हातारी दर रविवारी फोन करून तिच्याशी भांडायची. घे म्हणायची. बहीण म्हणायची, ज्यांनी त्याला फिरवलं त्यांचा कागद मी घरात ठेवणार नाही. म्हातारीला भीती एकच होती. एखाद्या हिवाळ्यात बहीण त्या घरात एकटी मरून पडेल, आणि आपल्याला उशिरा कळेल.

त्याच डिसेंबरात तिकडे निवडणुकीचं भांडण पेटलं. मोठ्या देशाला हवा होता तो माणूस निवडून आला नव्हता. सासरा रागावला. त्याने पूल बंद केला. आणि केव्हा, तर ऐन संत्र्याच्या तोडणीत. त्यांच्याकडे नव्या वर्षाला घरोघरी संत्रं लागतं, आपल्याकडे दिवाळीला लाह्या-बत्तासे लागतात तसं. तेवढाच काय तो बाजार. तो गेला की फळाला विचारतो कोण?

मी चहाला गेले तेव्हा म्हातारी फोनवरच होती. फोन टेबलावर ठेवून तिने आवाज मोठा केला. पोरी शेजारी बसून चित्रं रंगवत होत्या. बहिणीचा आवाज घोगरा, पुरुषासारखा. अर्धा बगीचा तोडून झाला होता, कॅरेट ओसरीत रचलेले होते आणि गाड्या पुलावरून परत येत होत्या.

मला राहवलं नाही. "तिला सांग, राहिलेलं तोडू नको. झाडावर आहे तोवर फळ आपलं, तोडलं की व्यापाऱ्याचं. महिनाभर झाडावरच राहू दे."

आम्ही असंच करायचो. पोरींनी ते तिकडे पोचवलं. फोनमधून बहीण खदाखदा हसली.

"व्हॉट डिड शी से?" माझ्या नातीने विचारलं.

मैत्रिणीने रंगवता रंगवता सांगितलं, "शी सेज, टेल द इंडियन लेडी वी हॅव फ्रॉस्ट."

खरं होतं. काटोलला संत्र्यावर बर्फ पडत नाही.

मग दोघी बहिणींची जुंपली. पासपोर्ट, पासपोर्ट, एवढा एकच शब्द मला कळत होता. शेवटी बहिणीने फोन ठेवला. म्हातारी भिंतीकडे बघत बसली. मला वाटलं, हिच्या बाजूने दोन शब्द बोलावेत. मी म्हटलं, "तुझी बहीण हट्टी आहे. मेलेल्यासाठी जिवंत माणूस उपाशी मारतेय."

नातीने 'हट्टी'ला 'स्टबर्न' केलं आणि पुढचंही सगळं नीट सांगितलं. नेमकं त्या दिवशी तिने काही गाळलं नाही.

म्हातारी उठली. माझा कप अर्धा भरलेला होता, तो उचलून मोरीत ओतला. मग दार उघडून उभी राहिली. स्वतः ती बहिणीला ह्याहून वाईट बोलायची, मी ऐकलं होतं. पण बहीण तिची होती, माझी नव्हती. मी नातीचा हात धरला आणि निघाले.

सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, सॉरी म्हणून टाका ना."

"कशाबद्दल? खोटं काय बोलले?"

"खोटं नाही हो. पण कोणाच्या घरचं असं बोलतात का?"

"तुझी आई माझ्या घरचं बोलते ते?"

सुनेने विषय तिथेच कॅन्सल केला.

त्यानंतर बसच्या जागी म्हातारी माझ्यापासून लांब, बर्फाच्या ढिगापलीकडे उभी राहायला लागली. पोरी मात्र हातात हात घालून उतरायच्या. नवं वर्ष आलं आणि गेलं. तिकडे निवडणूक पुन्हा घ्यायचं ठरलं, सासऱ्याच्या माणसालाही वाटा मिळाला, असं मुलाने इंटरनेटवर वाचून सांगितलं. "म्हणजे तडजोड झाली," तो म्हणाला. झालीच असणार. घरात दाणे कोणाचे, ह्याची एकदा आठवण करून दिली की तडजोड होते.

एक दिवस म्हातारी बर्फाचा ढीग ओलांडून माझ्याकडे आली. "ब्रिज ओपन," म्हणाली.

"संत्री?"

तिने हात जमिनीकडे नेला. मग थोडासा वर आणला. बरीच सडून गेली, थोडी विकली. भाव मी विचारलाच नाही. पूल ज्याच्या हातात, भाव त्याचाच.

तेवढ्यात बस आली आणि तिने नातीला मधे उभं करून मला एक प्रश्न विचारला. तो तिने बहुधा बरेच दिवस धरून ठेवला असावा. माझ्या मुलाला माझं ग्रीन कार्ड करायचं होतं. औषधपाण्याची सोय होते, दर सहा महिन्यांनी परतायची कटकट नाही. मी नको म्हणत होते, हे नातीने सगळीकडे सांगितलेलं.

"तू का घेत नाहीस कार्ड?"

"मला काय करायचंय? माझा बगीचा आहे तिकडे."

म्हातारी म्हणाली, "तिचाही आहे."

दोन्ही पोरी आमच्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "चल, चहा कर. दूध मी आणते." ती "नो मिल्क" म्हणाली आणि पुढे चालायला लागली. मी मागून गेले.

मार्चमध्ये मी परत आले. तीन-चार वर्षं जाणं झालं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा गेले ती दोन हजार आठच्या थंडीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिकडे पुन्हा लढाई झाली होती. ती संपल्यावर मोठ्या देशाने बहिणीच्या मुलखाला देश म्हणून मान्यता दिली. सासऱ्याने जावयाला जाहीर घरमालक केलं, असं मी म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "आई, अजून तेच का?" खरं तर माझं तेच होतं, कारण मला दुसरं येत नाही.

नाती आता मोठ्या झाल्या होत्या. त्यांना आमची बस-स्टॉपवरची सोबत नको होती. म्हातारी काठी घेऊन चालत होती, पण तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ सुधारलं होतं. तिने दार उघडलं आणि बसायच्या आधीच सांगितलं, "माय सिस्टर टेक पासपोर्ट."

"लढाईनंतर?"

"बिफोर. वन इयर."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं जे मागत होती ते मिळालं, तर खूश दिसायला हवी होती. पण तिच्या तोंडावर मला काही वाचता येईना. मग तिने बाकीचं सांगितलं. नात नव्हती, त्यामुळे तिला वेळ लागला, पण काही गळलं नाही.

शांतता झाली तसे मोठ्या देशातले पैसेवाले समुद्रकाठी जमिनी शोधत फिरायला लागले होते. बहिणीच्या शेजारचे दोन बगीचे गेले. झाडं तोडून तिथे सुट्टीवर येणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या. हिच्याकडेही एक माणूस आला. मग पुन्हा आला. गोड बोलणारा, फळांची पेटी घेऊन येणारा. संत्रीवालीला संत्री आणून देणारा. बहिणीने त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने सरळ जाऊन पासपोर्ट घेतला. पेन्शन सुरू झाली. ती तिने खर्चली नाही, साठवली, आणि पलीकडच्या शहरातून नवऱ्यासाठी दगड मागवला. काळा, चकचकीत, माणसाहून उंच, त्यावर त्याचा चेहरा कोरलेला. तो ट्रकमधून त्याच पुलावरून आला. शिपायाने कागद बघून जाऊ दिला. आठ माणसांनी उतरवून बगीच्याच्या मध्यावर, कबरीवर उभा केला. रस्त्यावरून दिसतो म्हणे.

"आणि तो माणूस?"

"ही कम. ही लूक. ही गो." म्हातारीने दोन बोटांनी पावलं चालवून दाखवली, टेबलाच्या कडेपर्यंत. कबरीशेजारी सुट्टी घालवायला कोण येणार?

मी कपातला चहा संपवला. ज्यांनी नवऱ्याला पुलावरून फिरवलं, त्यांच्याच पैशाचा दगड, त्यांच्याच पुलावरून आणून, त्यांच्याच माणसाच्या वाटेत ठेवला.

"वसूल केलं तिने," मी म्हटलं, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत समजावलं की पैसे परत मिळवले.

म्हातारीने मान हलवली. "नो. नॉट इनफ."

बरोबर होतं तिचं. नवरा काही त्या ट्रकमधून आला नव्हता. आणि फळ अजूनही त्याच पुलावरून जात होतं, भाव अजूनही पलीकडेच ठरत होता. फक्त झाडं उभी होती.

तिने फळांच्या टोपलीतून एक संत्रं काढलं, देठ बघितला आणि सोलायला घेतलं. अर्धं मला दिलं.

"स्टबर्न," मी म्हटलं.

"व्हेरी," ती म्हणाली, आणि ह्या वेळी माझा कप पुन्हा भरला.