‘हो’ म्हटल्याशिवाय सेव्ह नाही

टकटकबाईंचा राग नाकावर असतो, हे कामगार कचेरीसमोरच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांचं दुकान म्हणजे एक खोपटं. दोन खुर्च्या, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि बाई एवढं मावलं की पंख्याला जागा उरत नाही. शिक्षण सातवी. भंगारात निघालेल्या टाइपरायटरवर आपल्याच बोटांनी शिकल्या. आता अर्ज आणि जबान्या अशा लिहितात की भल्याभल्या वकिलांनी चष्मा पुसून वाचाव्यात.

त्यांचा एक नियम होता. माणूस बोलून संपवतो, बाई त्याला सगळं वाचून दाखवतात, तो ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हणतो आणि मगच बाई सेव्हचं बटण दाबतात. त्याआधी देव आला तरी नाही. कधीकाळी एका हमालाची अर्धवट जबानी कॉम्प्युटरात राहिली होती. मालकाच्या माणसाने ती पळवली आणि त्या अर्ध्या कागदावर हमालाची नोकरी गेली. तेव्हापासून आपोआप सेव्ह होण्याची सोयसुद्धा बाईंनी बंद करून टाकली होती.

त्या दिवशी समोर बसली होती लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली. दवाखान्यांच्या चादरी दाबणाऱ्या मोठ्या रोलरमध्ये तिचा उजवा हात भाजला होता. मालक म्हणत होता, चूक तिचीच. जबानी पाचच्या आत कचेरीत पोचली नाही तर तक्रार बाद होणार होती. सकाळपासून ती बोलत होती. कधी रडून, कधी शिव्या देऊन. एक वाजून वीस मिनिटांनी थांबली आणि उठली.

“पट्टी बदलून येते, ताई. चारला वाचून दाखवा.”

ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि पडदा काळा पडला. बाईंनी बटण दाबलं, वायर हलवली, डब्यावर चापट मारली. काही नाही. सहा पानं होती आणि त्यांतली एक ओळही सेव्ह नव्हती. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांचे धाकटे दीर पलीकडच्या चौकात कॉम्प्युटर दुरुस्त करतात. फोन गेला तसे ते पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. झाकण उघडलं तर आत धुळीची गोधडी.

“वहिनी, घर झाडता तसं हेही कधी झाडत जा की!”

“भाऊजी, अक्कल नंतर शिकवा. आधी पानं काढा.”

त्यांनी मेमरीची पट्टी उपसली, खोडरबराने तिचे पिवळे दात घासले आणि परत बसवली. नाही. पुन्हा घासली. अडीच वाजले, तीन वाजले. चौथ्या खेपेला डब्यातला पंखा घरघरला आणि पडदा उजळला. बाईंनी घाईघाईने फाइल उघडायला घेतली. कडेला एक चौकट आली. ती बंद करायला बाईंनी माउस सरकवला तोच दिरांनी मनगट धरलं.

“हात मागे! ही बंद केलीत तर सगळं गेलं. तिथंच तुमची पानं आहेत.”

“कशी असतील? मी तर ते आपोआपचं बंद केलं होतं.”

दिरांनी मान खाली घातली. “मागच्या महिन्यात मीच गुपचूप चालू केलं. दर अर्ध्या तासाला. म्हटलं, वहिनींना कळलं तर माझी हाडं मोडतील.”

“मोडणारच आहे! आधी उघडा.”

पाच पानं परत आली. एक वाजता जिथं वाक्य अर्धवट होतं तिथंच अक्षरं संपली. शेवटची वीस मिनिटं बेपत्ता. नेमकी त्यातच रोलरवरची संरक्षक जाळी कशी निघाली ती हकिगत होती. बाई ताठ बसल्या.

“मला तोंडपाठ आहे,” म्हणाल्या आणि बोटं चालू केली. पान छान झालं. जरा जास्तच छान.

चारला इस्त्रीवाली आली. गळ्यात झोळी, झोळीत हात. बाईंनी वाचायला सुरुवात केली. पाच पानं ती मान हलवत ऐकत होती. सहाव्यावर तिची मान थांबली.

“‘मुकादमाने जाळी काढली’, हे मी कधी म्हटलं? जाळी मीच काढली. त्याने पाना हातात दिला आणि म्हणाला, चादरी अडकतात, काढ ती. मी तसंच सांगितलं होतं.”

“त्याचाच हुकूम ना? मग त्यानेच काढली!” बाईंचा आवाज चढला.

“ताई, उद्या तो छाती ठोकून म्हणेल, पाना हिच्या हातात होता. दहा जणींनी पाहिलंय. मग माझी बाकीची पाच पानंही खोटी पडतील.”

घड्याळात चार चाळीस. बाईंनी आजवर कचेरीच्या साहेबाची माफी मागितली नव्हती, ना नवऱ्याची. त्या पडद्याकडे बघून बोलल्या, “शेवटचं पान गेलं गं. मशीन बंद पडलं. हे माझ्या मनाने लिहिलंय. तुला सांगायला हवं होतं.”

“मघाशी सांगितलं असतं तर एवढ्यात बोलून झालं असतं!”

“हो. बोल आता. जसंच्या तसं.”

ती बोलली. रडायला वेळ नव्हता, म्हणून यावेळी हकिगत अर्ध्या पानातच संपली. बाईंनी वाचलं.

“हो, हेच माझं म्हणणं.”

बाईंनी सेव्ह दाबलं. प्रिंटर कण्हत कण्हत सहा पानं ओकला. तिने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि दोघी रस्ता ओलांडून धावल्या. खिडकीतला कारकून झडप ओढायच्या बेतात होता. बाईंनी कोपर आत घातलं.

“घड्याळ बघा. अजून तीन मिनिटं आहेत. ती आमची आहेत.”

कारकुनाने घड्याळाकडे बघितलं, झोळीतल्या हाताकडे बघितलं आणि शिक्का मारला. पोच इस्त्रीवालीने स्वतः घेतली. बाईंना हात लावू दिला नाही.

परत आल्या तेव्हा दीर झाकणाचे स्क्रू आवळत होते.

“वहिनी, ते आपोआपचं परत बंद करून ठेवू?”

“हात लावून तर बघा,” टकटकबाई म्हणाल्या.