बिनट्रकचा रस्ता

सुरतेहून आमच्या गावापर्यंत एकही ट्रक लागणार नाही असा सायकलचा रस्ता मी शोधून काढला होता. गाव नवापूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. हमरस्त्यानं निघालं तर दिवसभरात माणूस पोचतो, पण त्या रस्त्यावर धुळ्याकडच्या ट्रकांची रांग तुटत नाही, आणि सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीतला एक जण तिथंच चिरडला गेला होता. तेव्हापासून वहिनी माझ्या मोठ्या भावाला सायकलवर गावी जाऊ देईना. मी तिला म्हटलं, ट्रक नसलेला रस्ता काढतो. काढला. त्याच रस्त्यावर भावाचा पाय अधू झाला, आणि तो कसा झाला याबद्दल मी वर्षानुवर्षं खोटं बोललो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघं एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला होतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातले कारागीर गावी पळतात, खाती ओस पडतात. वहिनी आधीच गाडीनं माहेरी जायची. आम्ही मागून सायकलींवर. चलथाणपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढायची, तेवढाच काय तो त्रास. पुढं कालवा लागला की त्याच्या पाळीवर चढायचं. एका हाताला पाणी, एका हाताला ऊस, समोरून आली तर एखादी म्हैस. काकरापारच्या बंधाऱ्यापर्यंत पाळ सोडायची नाही. मग सोनगडच्या बाजूला डोंगर सुरू झाले की जंगल खात्याच्या वाटा धरायच्या. त्या लाकूडतोडीसाठी पाडलेल्या. तोड हिवाळ्यात संपते, त्यामुळं अखाजीच्या दिवसांत तिथं चाक म्हणून फिरत नाही. कालव्याचे चौकीदार, मोहाची टोळंबी वेचणाऱ्या बाया, कुणी मास्तर, ज्याला त्याला विचारत मी हा रस्ता जोडला होता. चढावर उतरून सायकल ढकलायची, उतारावर सोडून द्यायची. सागाची पानं झडलेली असायची आणि वाटेवर त्यांचा जाड थर.

मला तो रस्ता का आवडायचा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लूमच्या खात्यात इतका आवाज असतो की तिथं तोंडानं बोलून उपयोग नाही. सगळं हातानं. धागा तुटला, शेठ आला, पाणी पाहिजे, प्रत्येकाची खूण ठरलेली. घरी आलं तरी कानात खडखड चालूच. पण पाळीवर पहिला दिवस काढला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानातली खडखड उतरायची. साखळीचा आवाज यायचा, चाकाखालच्या पानांचा यायचा. भावाचे कान तसे परत यायचे नाहीत. तो माझ्या कितीतरी आधी लूमवर लागलेला. त्याला वाटायचं, माझंही तसंच.

आणि तो बोलायचा. मागून, ओरडून, सगळा रस्ता. बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो. गावातल्या भानगडी, शेठची नक्कल, वहिनीच्या आईचा स्वयंपाक. मी उत्तर दिलं नाही की हसायचा.

"आरे बहिऱ्या! तुना कान लूमवरच र्‍हायनात का रे?"

मी पाठ वळवायचो नाही. ऐकू येत नाही असं त्याला वाटू द्यायचं, म्हणजे शांतता मिळते, हे मी त्या दिवसाआधीच शिकलो होतो.

त्या दिवशी शेवटचा मोठा चढ संपवून आम्ही उताराला लागलो. मी पुढं, तो मागं. उतार उभा होता आणि पानांखाली दगड दिसत नव्हते. अर्ध्यावर मला हाक ऐकू आली. "थांब रे!" मग थोड्या वेळानं पुन्हा, नाव घेऊन. मला दोन्ही हाका ऐकू आल्या. स्पष्ट. मला वाटलं, तंबाखू पाहिजे असेल, साखळी उतरली असेल, नाहीतर नुसतीच गंमत. मी ब्रेकवर बोट ठेवलं नाही.

खाली नाला होता. उन्हाळ्यानं आटलेला, पण एका खडकाच्या पोटात पाणी शिल्लक होतं. मी पाय धुतले. मोहाखाली बसलो. माणसाचा आवाज नाही, यंत्राचा नाही. कुठला तरी पक्षी एकसारखा बोलत होता. भाऊ आला नाही हे मला कळत होतं. येईल, म्हटलं. सावली पायावरून सरकून ऊन आलं तेव्हा उठलो.

तो वाटेच्या कडेला पडला होता. पुढचं चाक दगडात अडकून तो खाली गेला होता आणि गुडघ्याखाली पाय जिथं वाकू नये तिथं वाकला होता. पानांवर रक्त होतं. तोंड उघडलं तर त्याचा आवाज फुटेना. त्यानं हातानं पाण्याची खूण केली, खात्यातली. मी पाणी पाजलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्यानं काही विचारायच्या आत मी कानाला बोट लावून पंजा हलवला. ऐकू आलं नाही.

त्यानं मान हलवली. झालं. एवढंच खोटं. एक शब्दही बोलावा लागला नाही.

बिनगाड्यांचा रस्ता मीच काढला होता, त्यामुळं गाडी येणार नव्हती. मी जवळच्या पाड्यावर पळत गेलो, चार माणसं खाट घेऊन आली, सडकेपर्यंत त्यांनी त्याला वाहून नेलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. त्या अर्ध्या दुपारनं काही फरक पडला असता की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही. पाय राहिला, पण आखूड आणि वाकडा. दिवसभर लूमपुढं उभं राहणं संपलं. शेठनं त्याला बसून बॉबिन भरायचं काम दिलं, जे आमच्याकडं बाया करतात. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "या वहिनी!" सगळ्यांत मोठ्यानं भाऊच हसला.

तो सगळ्यांना सांगायचा, "मना भाऊ बहिरा शे. त्याना काय दोष?"

त्यानंतर मला बहिरं राहावं लागलं. घर एकच, दोन खोल्या. वहिनी माझ्याशी ओरडून बोलायची, माझं लग्न झाल्यावर बायकोलाही तिनं तेच शिकवलं. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही याची मला सवय झाली. माझ्यासमोर हळू आवाजात काहीही बोललं जायचं. एकदा वहिनी बायकोला म्हणाली, पाय दुखतो म्हणून हे झोपत नाहीत, पण तुझ्या नवऱ्याला सांगू नको, त्याला वाईट वाटेल. मी भाकरी मोडत होतो. मोडत राहिलो. वाईट वाटलं का, तर तसं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा लिंबायतमध्ये कानांचं फुकट शिबिर लागलं. लूमच्या कारागिरांचे कान तपासून ज्याला लागेल त्याला ऐकायचं मशीन देणार होते. भाऊ माझ्यासाठी हट्टाला पेटला. स्वतःच्या कानांचं त्याला काही नव्हतं.

"मना ऱ्हाऊ दे. तुले मशीन पाहिजे. तू अजून सायकल चालाडस."

मी त्याला माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन गेलो. शाळेच्या पटांगणात रांग होती, ऊन होतं. तो आखूड पायावर भार न देता माझ्या पुढं उभा राहिला. रांग पुढं सरकत होती, आणि टेबलापाशी बसलेली मुलगी पाठीमागं जाऊन हळू शब्द बोलायची आणि माणसाला ते परत म्हणायला लावायची. तिथं मला पुन्हा खोटं बोलावं लागणार होतं, या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर, त्यानंच हट्ट धरलेल्या मशीनसाठी.

मी म्हटलं, "भाऊ, मले ऐकू येत व्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. उतारवर. तू हाक मारी, ती मले ऐकू उनी व्हती!"

हे ओरडावं लागलं. दोनदा. आमच्या मागंपुढं सगळे लूमवालेच, अर्ध्यांना ऐकू गेलं नसेल, अर्ध्यांनी दुसरीकडं बघितलं.

भाऊ माझ्या तोंडाकडं बघत राहिला, खात्यात बघतो तसा, ओठांकडं. मग म्हणाला, "मंग तू लाइनमाईन निंघ. दुसराना नंबर लागी."

मी बाजूला झालो. मागचा माणूस एक पाऊल पुढं सरकला.

स्वतःचे कान तपासून झाल्यावर तो बाहेर आला आणि कॅरिअरवर बसला. दुसरं जाणार कसं? "चाल," म्हणाला. वळणावर तोल जाऊ नये म्हणून तो माझी कंबर धरायचा, ती त्यानं धरली नाही. सीटच्या खालची दांडी धरली.

दारात वहिनी उभी होती. ती माझ्याकडं बघून नेहमीसारखी ओरडली, "काय म्हने डाक्टर?"

भाऊ उतरताना म्हणाला, "ओरडू नको. त्याले ऐकू येस."

"बरा व्हयना का?" तिचा चेहरा खुलला होता.

"त्यालेच इचार," म्हणत भाऊ आत खाटेवर जाऊन बसला.

तिनं विचारलं. मी सांगितलं. सगळं, दारातच, सायकल हातात धरून. ती रडली नाही, शिवी दिली नाही. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. मग साध्या आवाजात तिनं एकच गोष्ट विचारली.

"हे तठे पडेल व्हतात, तव्हय तू खाले काय करत व्हता?"

"बठेल व्हतू," मी म्हणालो. "मले चांगलं वाटत व्हतं."

तिनं ऐकून घेतलं आणि भावाच्या पायाखाली उशी द्यायला आत गेली.