बाराव्या मात्रेची दुरुस्ती

तबल्यावर पोट भरत नाही हे मला पन्नाशीला कळलं, म्हणजे बरंच उशिरा. मग खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जाऊ लागलो. काम असं, की कानाला हेडफोन लावून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि प्रत्येक मात्रेला एक कळ दाबायची. कितव्या सेकंदाला कोणती मात्रा, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे पडली, आवर्तन कुठे संपलं, हे सगळं एका तक्त्यात नोंदलं जायचं. त्यावरून संगणक ताल शिकणार आणि पुढे पोरांना शिकवणार. आम्ही गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरलं ते बहुधा हौस म्हणून.

कंपनीला जुन्या साथसंगतीचे नमुने हवे होते. मी नको तिथे शहाणपणा केला आणि गुरुजींचं नाव सुचवलं. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी तबल्याला स्पर्श केला नव्हता. त्यांचं वाजवणं उरलं होतं ते नऊ कॅसेटींत. "ने," ते म्हणाले, "पण नीट ऐक." मी बुधवार पेठ पालथी घालून चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर मिळवला आणि सगळं संगणकात उतरवलं.

गुरुजींची एक रीत होती. विलंबित एकतालात शेवटची, बारावी मात्रा आली की ते गवयाच्या तोंडाकडे बघत. त्याला दम कमी पडतोय असं दिसलं तर ती मात्रा किंचित लांबवत आणि तो पोचला की मगच सम देत. समोर बसलेल्यांना पत्ताही लागत नसे. सम एकट्याची नसते, दोघांची असते, असं ते आम्हाला सांगत.

संगणकाने या सगळ्या फायली परत पाठवल्या. त्याच्या तक्त्यात एका आवर्तनाला एकच लय लिहायची सोय होती. बाराही मात्रा सारख्या हव्यात, नाहीतर चूक. आमच्या टीमच्या प्रमुख मुलीला मी गुरुजींची रीत समजावून सांगितली. मुलगी हुशार, बोलायला गोड.

"सर, आय गेट इट," ती म्हणाली, "पण स्टुडंट्स कन्फ्यूज होतील ना. तुम्ही थोडं अ‍ॅडजस्ट करा."

मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. लांबवलेल्या प्रत्येक मात्रेपुढे 'चूक' असं मी माझ्या हाताने नोंदवलं आणि ती इतरांएवढी केली. मग यंत्राने एकेका आवर्तनाचे तुकडे पाडले, तबला गवयाच्या आवाजापासून सोडवला, मापात बसवला आणि पुन्हा गाण्याखाली ठेवला. दुसऱ्याच्या चुका काढण्यात आम्हा पुणेकरांचा हात कुणी धरणार नाही. मी तर नसलेली काढली, तीही गुरूची. आजही त्याची लाज वाटते.

कंपनीचं ताल शिकवणारं अ‍ॅप बाजारात आलं तेव्हा मी फोन घेऊन गुरुजींकडे गेलो. का गेलो, देव जाणे. शाबासकी हवी असेल. कुणाचं काय हे न सांगता मी त्यांच्याच कॅसेटीतला एक दुरुस्त तुकडा लावला. ते पलंगावर पडून होते. पांघरुणावर बोटाने मात्रा मोजू लागले. बाराव्या मात्रेनंतर बोट वरच थांबलं, गवयासाठी. सम पडूनही गेली होती.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. मी लावलं.

"हात स्वच्छ आहे. पण हा गवयाचं ऐकत नाही. कोण आहे रे?"

"नवीन आहे कुणीतरी."

"कुणाकडे शिकलाय?"

"माहीत नाही, गुरुजी."

"कुणाकडे का शिकेना," ते म्हणाले, "त्याच्या गुरूनं त्याला काही शिकवलेलं दिसत नाही."

मी हो म्हणालो.