आतोबांना जुळणारा रोल

"अरे, श्वास धरू का सोडू, ते एकदाच सांग!"

नारायणगुड्याच्या तिसऱ्या मजल्यावरून आत्याची ही आरोळी निघाली आणि खाली रस्त्यावरच्या तमाम ऑटोंनी करकचून ब्रेक दाबले. निदान मला तरी तसं ऐकू आलं. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो होतो, पोटाशी चौकोनी कॅमेरा, मान खाली. आत्या खुर्चीत, ठेवणीतली इरकल नेसून, गाल फुगवून. कॅमेऱ्यातला रोल मंद होता. मंद म्हणजे त्याला उजेड पचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ समोरच्यानं दगड व्हायचं असतं. दगड होणं आत्याच्या कुंडलीतच नाही.

पण रोल तिनंच निवडला होता.

तिला आपल्यामागं भिंतीवर लागणारा फोटो जिवंतपणी, आपल्या पसंतीनं काढून हवा होता. आतोबा तिशीतच गेले. त्यांचा काळापांढरा चौकोनी फोटो तेव्हापासून हॉलमध्ये एकटाच लटकतोय, आणि त्याच्या शेजारी रंगीत होऊन बसायला आत्या तयार नव्हती. एका भिंतीवर दोन तऱ्हेचा उजेड नक्को, असं तिचं म्हणणं. सुनेनं मोबाइलमध्ये एका बोटानं फोटोचा रंग उडवून दाखवला, तर हिनं फोन हातभर लांब धरून पाहिला आणि हा रंग काढून घेतलाय, मुळात नव्हता असं नाही, असं सांगून परत केला. मग तिला माझा जुना कॅमेरा आठवला. त्यातून चारमिनारवरच्या कबुतराची पापणी लवताना दिसते, हे मीच तिला कधीतरी सांगून ठेवलं होतं.

आता, या कॅमेऱ्याचा रोल म्हणजे हल्ली असं प्रकरण आहे, की एकाच्या किमतीत घरभर बिर्याणी येते आणि फोटो मिळतात बारा. त्यातला परवडणारा शोधायला मी जामबागेतल्या एका दुकानात जातो. दुकानदार माझ्याहून मोठा थापाड्या आहे, त्यामुळे आमचं बरं जमतं. त्या दिवशी आत्या सोबत आली, खांद्याला कापडी पिशवी अडकवून. दुकानात शिरल्यावर तिनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, टॉवेल सोडला आणि आतोबांना, फ्रेमसकट, काउंटरवर ठेवलं.

ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरात साडी नेतात ना, तशी ती नवऱ्याला घेऊन आली होती.

दुकानदार क्षणभर थाप मारायचं विसरला. हा हैदराबादच्या इतिहासात नोंदवण्यासारखा क्षण होता. मग त्यानं काउंटरच्या काचेखालचे नमुन्याचे तीन फोटो बाहेर काढले. मलकपेठच्या रेसकोर्सवरचा एकच घोडा, तीन रोलांवर. महागडा इंग्लंडचा, त्यात घोड्याचा केस न् केस वेगळा. दुसरा मुदत संपलेला, म्हणून निम्म्यात. त्यात रोलच्या पाठीला गुंडाळलेल्या कागदावरचा आकडा घोड्याच्या पोटावर उमटलेला. तिसरा चिनी, मंद आणि सगळ्यांत स्वस्त. त्यात घोडा दुधातून पोहत येत होता आणि त्याचे पाय कुठंच टेकलेले नव्हते.

दुकानदार महागड्याच्या बाजूनं होता. "अम्मा, ये लेव. एक-एक झुर्री गिनके देता."

आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्वतःच्याच सुरकुत्या चाचपू लागला. मग एकेक घोडा आणि आतोबा जोडीनं दारापाशी नेऊन, डोळे बारीक करून, ती उजेडात ताडून पाहू लागली. तिसऱ्याला थांबली. "हा घे. हा ह्यांच्यासारखा करडा हाय."

सगळ्यांत स्वस्त तोच निघाला म्हणून मी मनातल्या मनात पाच नारळ फोडले.

तर अशी ती खुर्चीत बसली होती. श्वास सोडून दे, फक्त हलू नकोस, असं मी सांगितलं आणि वरून कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं. त्या काचेत डावं ते उजवं होतं. आत्या खिडकीकडे कलली की काचेतली आत्या खऱ्या खिडकीपासून दूर तरंगत जायची. दुपारचा उजेड जाळीच्या पडद्यातून पिठासारखा गळत होता. खालचा रस्ता, हॉर्न, कुकरची शिट्टी, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं मऊ झालं. एकदा तर खुर्चीचे पायही मला जमिनीला टेकलेले दिसेनात, आणि ही थाप नव्हे. अकरा फोटो तिनं गाल फुगवून वाया घालवले. बाराव्याला ती कंटाळली, माझ्याकडे पाहायचं विसरली आणि समोरच्या भिंतीवरच्या आतोबांकडे बघत राहिली. श्वास चालू होता. मी कळ दाबली.

रोल मी घरी बाथरूममध्ये धुतला. त्या दिवशी आमच्याकडे कुणालाही अंघोळ मिळाली नाही, यावर घरात आजही बोललं जातं.

प्रिंट घेऊन आत्याकडे गेलो. तशीच फ्रेम, तसाच चौकोन. भिंतीवर आतोबांच्या शेजारी हातानं धरून दाखवला. करडा रंग इतका जुळला होता, की दोन्ही फोटो एकाच दुपारी, एकाच खिडकीपाशी काढल्यासारखे वाटत होते. तेच वाईट झालं. निराळ्या काळातले दिसले असते तर चाललं असतं. एकाच दुपारी ते तिशीचे होते आणि ती पंचाहत्तरीची. पाहणाऱ्यानं तिला त्यांची आईच म्हटलं असतं.

सून स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली आणि पुन्हा आत वळली. रोलचा दोष आहे, याहून मऊ रोल मिळतो, पुन्हा बसू, असं मी एका दमात बरंच काही रेटलं. आत्या चष्मा लावून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. शेवटी माझ्या तोंडून निघालंच,

"आतोबा फारच तरुण दिसतात गं."

"हौ," आत्या म्हणाली. "मागं मी राहिले ना. माझा खिळा ह्यांच्याहून थोडा वर ठोक."