कासिमिरोचा पिवळा कोट

कासिमिरो आर्चुलेटाने उभं आयुष्य परक्या लोकांना डोंगरात नेऊन अ‍ॅस्पनच्या झाडांचा पानगळीआधीचा पिवळा रंग दाखवण्यात काढलं. सप्टेंबर संपत आला की कुठला उतार आधी पिवळा होणार, हे तो हवेच्या वासावरून सांगायचा. वर बढाया मारायचा त्या वेगळ्याच. आता म्हातारपणी त्याला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नसे, पण रंग बघायला जायचं तेवढं पक्कं लक्षात. म्हणून त्याच्या बायकोने, युफेमियाने, उन्हाळ्यातच त्याच्यासाठी पिवळाधमक कोट आणला.

"काकी, आता काका विमानातूनही दिसतील!" शेजारचा फिलिबेर्तो हसला होता. हिरव्या डोंगरावर तो खरंच लांबून दिसायचा.

मग कडाक्याची थंडी पडली आणि बघता बघता सगळा उतार पिवळा झाला. त्या दुपारी युफेमिया चुलीपाशी मक्याच्या भाकरी भाजत होती. मागे वळली तर दार सताड उघडं, खुंटीवर कोट नाही. ती अंगणात धावली आणि वर पाहिलं. जिकडे बघावं तिकडे कासिमिरोच.

खिंडीवर बर्फाचे ढग दाटत होते. फिलिबेर्तो मेंढरं घेऊन खाली खोऱ्यात गेलेला. ती एकटीच चढली. हाका मारून मारून घसा बसला. पानं सळसळली की तिला पावलं वाटायची, वळून बघावं तर कुणी नाही. रात्र उघड्यावर गेली तर तो सकाळ बघणार नव्हता. आपल्याच हाताने आपण त्याला या रंगात हरवलं, हेच घोकत ती चढत राहिली.

वारा सुटला. सगळं रान थरथरू लागलं. एका बुंध्याशी तेवढं काहीतरी पिवळं हलत नव्हतं.

पुढे जायची तिची हिंमत होईना. कशीबशी वाकून तिने त्याच्या गालाला हात लावला.

कासिमिरोने डोळे उघडले. "कुठल्या गटातल्या तुम्ही? घाबरू नका बाई, वाट मला पाठ आहे."

तो जिवंत होता. पण आजवर त्याने तिला कधी परकं समजलं नव्हतं, आणि आता तिला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. तिने आपल्या डोक्याचा लाल रुमाल सोडून त्याच्या गळ्यात बांधला.

"छे छे, हे नको! बायकोने पाहिलं तर घरात घेणार नाही. भारी संशयी आहे."

"मी समजावते तिला."

"आणि घाबरटही आहे हो. चला लवकर, वाट बघत असेल."

"चला," युफेमिया म्हणाली, आणि त्याची बाही घट्ट धरून उतरू लागली.