झेंडी दाखवलेली गाडी

आमच्या स्टेशनवर एके दिवशी निळा, चकचकीत फलक लागला: ‘ऐतिहासिक उपनगरीय स्थानक’. ‘ऐतिहासिक’बद्दल माझी काही तक्रार नव्हती. छोट्या रुळांवरून छोटी गाडी धावायची, त्या काळातली ती इमारत. दगडी भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आत जुन्या सागाचं एक लांबलचक बाक. पण उपनगरीय? उपनगराला जवळ कुठंतरी एखादं नगर लागतं. आमच्या स्टेशनच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला सिंदेवाहीपर्यंत पसरलेलं बांबूचं रान. त्या रानातून रूळ ओलांडणाऱ्या वाघांना कुणी रोजचे प्रवासी धरलं असेल, तर गोष्ट वेगळी.

खरे रोजचे प्रवासी आम्ही होतो. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळते. माझ्यासोबत सिस्टरबाई असायच्या, चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स. आवाज असा की अख्खा वॉर्ड एका हाकेत गादीवर सरळ झोपावा. एक चाचा होते. शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि त्यासाठी वार बघून बाजाराची गावं फिरायचे. सुया, वाद्या, तेलाच्या कुप्या भरलेली त्यांची लोखंडी पेटी डब्यात शिरली की माणसं आपोआप पाय आत घ्यायची. आणि जंगलातल्या गावाहून येणारी एक गोंड बाई. चारोळी, डिंक, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, जे रान देईल ते टोपलीत घालून ती विकायला न्यायची. आम्ही तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचो, आणि तीही आम्हा सगळ्यांना बाईच म्हणायची, चाचांना सोडून. गर्दी नसायचीच. सकाळची पॅसेंजर यायची, आम्ही चढायचो, सिस्टरबाई कुणाला तरी रागवायच्या, चाचा डबा उघडायचे, आणि चंद्रपूर यायचं.

मग ती पॅसेंजर अचानक ‘स्पेशल’ झाली. गाडीला बढती मिळाली की ती पहिली ओळख विसरते ती लहान स्टेशनांची. आम्ही हात जोडून उभे आणि ती आमच्यासमोरून शिट्टी मारत गेली. विचारलं तर स्टेशनमास्तर म्हणाले, थांबा तात्पुरता बंद आहे, स्टेशनचं सौंदर्यीकरण चालू आहे. स्टेशनमास्तर बिहारकडचा तरुण पोरगा. ‘सौंदर्यीकरण’ हा शब्द त्याने इतका जपून उच्चारला, जणू तो फुटला तर त्याच्या पगारातून कापणार होते.

झालं मग सौंदर्यीकरण. आम्ही काळ्या-पिवळ्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून ये-जा करत राह्यलो, आणि इकडे स्टेशन नटत गेलं. भिंतींवर वाघ काढले. चितारी बाहेरगावचा असावा, कारण वाघांचे चेहरे गाईसारखे सोशिक होते. फलाटावर फोटो काढायला लोखंडी चौकट आली. आतल्या सागवानी बाकाला पॉलिश झालं, त्याच्याभोवती लाल दोरी बांधली आणि पाटी लावली: ‘वारसा वस्तू. बसू नये.’ त्या बाकावर बसून मी नोकरी लागल्याचं आईला फोनवर सांगितलं होतं. सिस्टरबाईंनी पाटी वाचली आणि म्हणाल्या, “चला, बाकाले तरी बेडरेस्ट भेटली.”

उद्घाटनाचा दिवस ठरला तसं स्टेशनमास्तरांनी आम्हाला फोन केला. सकाळच्या वेळेलाच या, गाडी थांबणार आहे, तिकीट खिडकीही उघडणार आहे. आम्हाला वाटलं, सुटलो. चाचांनी अत्तर लावलं. बाईने त्या दिवशी टोपलीवर धुतलेलं फडकं टाकलं होतं. तिकिटं काढली आणि फलाटावर उभे राहिलो.

पाहुणे आले. कुठल्या पदावरचे ते सांगत नाही. पद बदलतं, भाषण तेच राहतं. ते म्हणाले, हे स्थानक म्हणजे या भागाच्या विकासाचं प्रवेशद्वार आहे. मंडपात टाळ्या पडल्या. तेवढ्यात झेंडूच्या माळांनी मढवलेली गाडी खरोखरच आली आणि खरोखरच थांबली. आम्ही चढलो. पाहुण्यांनी हिरवी झेंडी दाखवली, बँड वाजला, गाडी हलली. सिस्टरबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून झेंडूचं एक फूल तोडलं आणि केसात खोचलं. त्यांना असं काही करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

फाटक मागे पडलं, बांबू सुरू झाला, आणि गाडी थांबली.

“वाघ असंन,” बाई शांतपणे म्हणाली. तिच्या दृष्टीने थांबायला दुसरं कारण नव्हतं. आम्ही खिडकीतून रुळांकडे बघू लागलो. मग एक हिसका बसला आणि गाडी मागे जाऊ लागली.

“अवो, ही वापस काऊन चाल्ली?” बाईने विचारलं.

चाचा दाराशी उभे होते. त्यांनी वाकून मागे बघितलं. “वाघ नाई बाई,” ते म्हणाले. “फोटोवाले हायेत. त्यायचा फोटो हलला असंन.”

फोटो हलला नव्हता. कार्यक्रमात एवढंच होतं. गाडीने झेंडी बघायची, नजरेआड व्हायचं आणि परत यायचं. पुढे न्यायची मंजुरी नव्हती. हे आम्हाला स्टेशनमास्तरांनी डब्यात येऊन सांगितलं. घामाने त्याची टोपी ओली झाली होती. “आप लोग उतर जाइए, प्लीज. गाड़ी यहीं तक थी.”

“कुठपर्यंत?” सिस्टरबाईंनी विचारलं.

“यहीं तक.”

“म्हणजे इथून इथपर्यंत?” त्यांनी पर्समधून तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. “याच्यावर चंद्रपूर लिहिलंय ना भाऊ? मग मी चंद्रपूरलेच उतरीन.”

चाचा पेटीवर बसले. बाईने टोपली सीटखाली सरकवली आणि पाय पोटाशी घेऊन अशी बसली की तिला उचलायला वनखातं आणावं लागलं असतं. मी आयुष्यात कधी कुठल्या आंदोलनात भाग घेतलेला नाही. ग्रंथालयात तर मी लोकांना खोकूही देत नाही. पण त्या दिवशी मीही खिडकीचा गज धरला. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

बाहेर मंडपात समोसे वाटणं सुरू झालं होतं. तेवढ्यात कुणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागलं की डब्यात ‘प्रवासी’ आहेत, फोटो चांगला येईल. पाहुणे कॅमेऱ्यांसकट डब्यात चढले. सिस्टरबाईंच्या केसातलं फूल बघून त्यांना समाधान वाटलं असावं. हसून म्हणाले, “काय ताई, कसं वाटलं आपलं नवं स्टेशन?”

“लई छान वाटलं साहेब,” सिस्टरबाई म्हणाल्या. “जातानाही पाह्यलं, येतानाही पाह्यलं. आता गाडी पुढं गेली तर आणखी छान वाटन. माझी ड्यूटी सुरू झाली तिकडं.”

पाहुण्यांनी बाजूच्या अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकारी हळूच म्हणाला, “सर, थांब्याचा प्रस्ताव प्रक्रियेत आहे.” कॅमेरा चालू होता. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे वळून, मंडपातल्या लोकांना ऐकू जाईल असा आवाज चढवला: “जनतेची गाडी आहे! जाऊ द्या ना चंद्रपूरला! कोण अडवतंय?”

अडवणारे सगळे त्यांच्याच मागे उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर बरेच फोन झाले, इंजिनाच्या ड्रायव्हरशी वादावादी झाली, पण कॅमेऱ्यासमोर बोललेला शब्द परत घ्यायची पद्धत अजून निघालेली नाही. गाडी सुटली.

ती अख्खी गाडी आमची होती. वाटेत मूल गावच्या फलाटावर माळा लावलेली गाडी बघून लोक गोळा झाले. त्यांना वाटलं, कुणी मोठा माणूस आला. चाचांनी दारात उभं राहून सावकाश हात हलवला, अगदी हुबेहूब. दोघातिघांनी खाली वाकून नमस्कार केला. एकाने तर आपल्या गावातल्या हातपंपाची तक्रार सांगितली. चाचा म्हणाले, “पाहून राह्यलो, पाहून राह्यलो,” आणि गाडी हलली. बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. सिस्टरबाईंनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि वर तिलाच रागवल्या.

चंद्रपूरला सिस्टरबाईंची अर्ध्या दिवसाची रजा लागली. मी कॉलेजात उशिराचं कारण सांगितलं, ते कुणालाच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात पाहुण्यांचा फोटो आला: ‘प्रवाशांच्या मागणीवर जागच्या जागी निर्णय’. आम्ही सगळे तिकीट काढायच्या तयारीने स्टेशनवर गेलो. खिडकी बंद. गाडी आली, आणि शिट्टी मारत गेली. वाऱ्याने मंडपातल्या कागदी पिशव्या उडाल्या, तेवढंच.

थांब्याचं काय झालं, हे पुढे स्टेशनमास्तरांनीच सांगितलं, बदलीच्या आदल्या दिवशी, आम्हाला चहाला बोलावून. वरून उत्तर आलं होतं: कार्यक्रमाचा दिवस वगळता या स्थानकावरून अलीकडे एकही प्रवासी चढलेला नसल्याने थांब्याची गरज दिसत नाही. तो मान खाली घालून बोलत होता. त्याची काही चूक नव्हती. सिस्टरबाईंनी त्याला रागवायला तोंड उघडलं, आणि मग त्याच्या बशीत आपल्याकडचं बिस्किट ठेवलं.

आता स्टेशन जोरात चालतं. लग्नाआधीचे फोटो काढायला आरमोरी, ब्रह्मपुरीकडून जोडपी येतात, वाघांसमोर गळ्यात गळे घालतात. बाई चंद्रपूरला जायची थांबली. टोपली घेऊन तिथेच बसते. फोटोवाले तिला ‘जरा नवरीच्या मागून चालत जा’ म्हणतात. ती आधी चारोळी विकत घ्यायला लावते, मग चालते. सिस्टरबाई चंद्रपूरला खोली घेऊन राहतात. मी स्कूटी घेतली.

गेल्या महिन्यात मूलच्या बाजारात चाचा दिसले. ताडपत्रीखाली कुणाचं तरी मशीन उघडून बसले होते. जीपमध्ये गुडघे मावत नाहीत, म्हणून चंद्रपूरचा बाजार सोडलाय म्हणाले. मी त्यांना म्हटलं, चला, घरापर्यंत सोडते. त्यांनी स्कूटीकडे संशयाने बघितलं, पेटी माझ्या पायांत ठेवली आणि मागे बसले.

“हळू चालव बेटा,” ते प्रत्येक गतिरोधकावर म्हणत होते. “तेलाच्या कुप्या हायेत.”

फाटकाशी आम्हाला थांबावं लागलं. शिट्टी मारत जाणाऱ्या गाडीला चाचांनी मागून सावकाश हात हलवला, मूलच्या फलाटावर हलवला होता तसाच. मग फाटक उघडलं आणि मी स्कूटी हळूच पुढे काढली.